एका दहा-अक्षरी शब्दाची फोड

वार्षिक अहवालाच्या या पानांवर एरवी रुग्णालयाच्या एखाद्या विभागाच्या कार्याचा परिचय करून देण्याची प्रथा आहे. यंदा आम्ही विभागाऐवजी एका शब्दाचा परिचय करून देत आहोत. हा शब्द आमच्या प्रतिमानिदान विभागाकडे येणाऱ्या चिठ्ठ्यांवर नेहमी लिहिलेला असतो. मात्र तो आरंभापासून अखेरपर्यंत न अडखळता उच्चारणारी व्यक्ती, डॉक्टरांना धरूनही, क्वचितच भेटते. शब्द असा : कोलँजिओपँक्रिएटोग्राफी.

शब्दाची फोड करून दाखविणे हे व्याकरणाच्या तासाचे काम. देणगीदारांच्या व रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती जाणाऱ्या अहवालात त्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न विश्वस्त मंडळाच्या बैठकीतही निघाला. त्याचे उत्तर म्हणून आम्ही तेथे एक प्रसंग सांगितला, तोच येथे सांगतो.

काही वर्षांपूर्वी पासष्टीच्या घरातील एक शेतकरी गृहस्थ कावीळ झाल्यामुळे आमच्याकडे दाखल झाले. सोबत मुलगा होता. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले आणि पित्तनलिका फुगलेली आढळली. एखादा खडा नलिकेत उतरून अडकला असावा, असा डॉक्टरांचा कयास होता. सकाळच्या राउंडमध्ये डॉक्टरांनी मुलाला सांगितले, “उद्या कोलँजिओ करून घेऊ, मग पुढचं ठरवू.” मुलाने मान डोलावली. दुपारी त्याने वडिलांना स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेण्याचा अर्ज दिला, सही केली आणि तो त्यांना घेऊन गेला. चौथ्या दिवशी रात्री तो परत आला, तेव्हा वडिलांना हुडहुडी भरून ताप होता, डोळे हळदीसारखे पिवळे होते आणि ते हाकेला नीट ओ देत नव्हते. अडलेल्या पित्तात जंतुसंसर्ग झाला होता आणि तो रक्तात पसरू लागला होता. अतिदक्षता विभागात काही दिवस काढल्यावर ते बरे झाले. पुढे एकदा मुलाला विचारले, की त्या दिवशी तू वडिलांना का नेलेस? तो म्हणाला, “तुम्ही अँजिओ करायची म्हणालात. बाबांच्या छातीत तर काहीच दुखत नव्हतं. आमच्या भावकीतल्या एकाची अँजिओ झाली, तेव्हा त्यांना जमीन गहाण टाकावी लागली होती.”

मुलाने चुकीचे ऐकले, असे आम्हांस म्हणता येत नाही. शब्दात ‘अँजिओ’ खरोखरच आहे. त्याने ऐकले ते नेमके होते. त्याच्या मागे काय जोडलेले आहे, एवढेच त्याला कोणी सांगितले नव्हते. त्या दिवसापासून आम्ही या शब्दाकडे गांभीर्याने पाहू लागलो.

प्रथम अक्षरे मोजून घेऊ. येथे अक्षर म्हणजे एका दमात, एका स्वरासह उच्चारला जाणारा घटक. वृत्तात आपण जी मोजतो तीच अक्षरे. को-लँ-जि-ओ-पँ-क्रि-ए-टो-ग्रा-फी, अशी ही दहा अक्षरे झाली. मनाच्या श्लोकांचे वृत्त भुजंगप्रयात आहे व त्याच्या एका चरणात बारा अक्षरे असतात. म्हणजे हा एकटा शब्द जवळजवळ एक चरण व्यापतो. तरीही श्लोक लहान मुलेसुद्धा घडाघडा म्हणतात आणि हा शब्द मोठ्यांच्या तोंडी बसत नाही. श्लोकात कोठे थांबावे हे अर्थावरून कळते, येथे ते कळत नाही, हे त्याचे कारण आहे.

अर्थाचे तुकडे चार आहेत : कोल, अँजिओ, पँक्रिएटो आणि ग्राफी. चारही मूळ ग्रीक आहेत. कोल म्हणजे पित्त. अँजिओ म्हणजे भांडे, पात्र, आणि त्यावरून शरीरातील वाहिनी. पँक्रिएटो म्हणजे स्वादुपिंड. ग्राफी म्हणजे लेखन, रेखाटन. आपल्या संदर्भात चित्र काढणे. सलग अर्थ लावला तर ‘पित्तवाहिन्या व स्वादुपिंड यांचे चित्रण’. आठ-दहा सेकंदांत सांगता येईल एवढीच ही गोष्ट आहे.

घोटाळा होतो तो पहिल्या सांध्यावर. कोल आणि अँजिओ एकत्र येतात, तेव्हा ‘ल्’ पुढच्या ‘अँ’मध्ये मिसळतो आणि ‘लँ’ असे एकच अक्षर तयार होते. आपल्याला हे नवीन नाही. ‘विद्यालय’ आपण वि-द्या-ल-य असे उच्चारतो. अर्थाची फोड मात्र विद्या आणि आलय अशी होते, म्हणजे ‘द्या’ या एका अक्षरात मागील शब्दाचा शेवट आणि पुढील शब्दाचा आरंभ दोन्ही सामावलेले असतात. तसेच येथे आहे. ‘लँ’मधील ल् पित्ताचा आहे आणि अँ वाहिनीचा. घाईने बोलणाऱ्याच्या तोंडून ‘को’ निसटले आणि ‘ल’ दबला, तर कानावर उरतो तो फक्त ‘अँजिओ’. आणि महाराष्ट्रातील कोणत्याही घरात ‘अँजिओ’ म्हटले, की हृदयाशिवाय दुसरे काही मनात येत नाही. वास्तविक अँजिओग्राफी म्हणजे कोणत्याही रक्तवाहिनीचे चित्रण. मेंदूची असते, मूत्रपिंडाची असते, पायाचीही असते. परंतु एखादा शब्द एका अवयवाला चिकटला, की तो सहसा सुटत नाही.

‘कोल’मुळे आणखी एक गैरसमज होतो, तो त्या मानाने सौम्य आहे. मोठ्या आतड्याला इंग्रजीत कोलन म्हणतात आणि त्याच्या दुर्बिणीच्या तपासणीला कोलोनोस्कोपी. रोमन लिपीत पित्ताच्या कोलमध्ये ‘सी’नंतर ‘एच’ येतो, आतड्याच्या कोलनमध्ये तो येत नाही. म्हणून लिहिलेले पाहणाऱ्याचा गोंधळ होत नाही. देवनागरीत दोन्ही ठिकाणी ‘को’ आणि ‘ल’च. आपली लिपी उच्चाराशी प्रामाणिक आहे, त्याची ही किंमत. त्यामुळे काही नातेवाईक आदल्या रात्री जुलाबाचे औषध घ्यायचे का, असे विचारतात. कोलँजिओपँक्रिएटोग्राफीसाठी ते घ्यावे लागत नाही.

पित्ताचा हा ‘कोल’ आपल्या परिचयाचा आहे. कोलेस्टेरॉल या शब्दाच्या आरंभी तोच आहे, कारण हा पदार्थ अठराव्या शतकात प्रथम पित्तखड्यांत सापडला. ‘पित्तातील घन पदार्थ’ असा त्या नावाचा भावार्थ आहे. भाषाशास्त्रज्ञ तर याही मागे जातात. ग्रीकांचा पित्तवाचक शब्द आणि संस्कृतातील पिवळा-हिरवा या अर्थाचा ‘हरि’ हा शब्द एकाच प्राचीन धातूपासून निघाले, असे ते मानतात. ‘हरिद्रा’ म्हणजे हळद, ती याच ‘हरि’च्या घरातली. कावीळ झालेल्या माणसाचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले असे आपण म्हणतो, तेव्हा नकळत या शब्दाच्या मुळाशी पोहोचलेले असतो. ‘पँक्रिअस’ची गंमत अशीच. पॅन म्हणजे सर्व आणि क्रेअस म्हणजे मांस. या अवयवात हाड नाही, कूर्चा नाही, म्हणून ‘सर्व मांस’. या क्रेअसचा सख्खा भाऊ संस्कृतात ‘क्रव्य’ आहे. राक्षसांना क्रव्याद, म्हणजे कच्चे मांस खाणारे, म्हणतात ते त्यावरूनच. एकंदरीत, परका वाटणारा हा शब्द आपल्या दूरच्या नात्यातला निघतो.

पँक्रिअसचे ‘पँक्रिएटो’ का होते, असे आमच्या परिचर्या विद्यार्थिनींनी विचारले होते. मराठीत ‘घोडा’ला प्रत्यय लागताना त्याचे ‘घोड्या’ होते, ‘पाणी’चे ‘पाण्या’ होते. यास आपण सामान्यरूप म्हणतो. ग्रीक भाषेतही असाच प्रकार आहे व पँक्रिअसच्या सामान्यरूपात ‘ट’ येतो. शेवटचा ‘ओ’ केवळ दोन तुकडे जोडण्यासाठी आहे. अनुस्वाराबाबतही एक सूचना करावीशी वाटते. ‘लँ’वरील अनुस्वार पुढील ‘ज’मुळे ‘ञ’कडे झुकतो, ‘पँ’वरील पुढील ‘क’मुळे ‘ङ’कडे. ‘पंकज’ आणि ‘अंजन’ हे शब्द जसे आपण विचार न करता बरोबर उच्चारतो, तसेच हेही उच्चारावेत. वेगळे काही करावे लागत नाही.

आता या दोन अवयवांची नावे एका शब्दात का गुंफली आहेत, हे पाहू. यकृतात दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार होते. शेतातील छोटे पाट एकमेकांना मिळत मोठ्या पाटाला जाऊन मिळतात, त्याप्रमाणे यकृतातील सूक्ष्म नलिका एकत्र येत उजवी व डावी अशा दोन नलिका होतात आणि त्यांची मिळून एक होते. तिला पित्ताशयाकडून येणारी नलिका मिळते आणि मुख्य पित्तनलिका खाली उतरते. तिची रुंदी सर्वसाधारणपणे सहा मिलिमीटरपर्यंत असते. स्वादुपिंडातून येणारी, पाचकरस वाहून आणणारी नलिका तिला शेवटी भेटते आणि बहुतेक माणसांत दोघी मिळून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, एका लहानशा उंचवट्यावरील तोंडातून उघडतात. हे तोंड म्हणजे दोन पाटांची एकच मोरी. पित्ताशयातून निसटलेला खडा जर नेमका या मोरीत बसला, तर पित्त तुंबून कावीळ होते, आणि स्वादुपिंडाचा रस अडून त्या अवयवाला दाह होतो. स्वादुपिंडदाह हा जिवावर बेतू शकणारा आजार आहे. म्हणून पाहायचे तर दोन्ही नलिका एकत्र पाहाव्या लागतात, आणि म्हणून शब्दही जोडून आला आहे.

हे पाहण्याचे दोन प्रमुख मार्ग आहेत व त्यांच्या आद्याक्षरांनी आमच्या रुग्णांचा सर्वाधिक गोंधळ होतो. एक एमआरसीपी आणि दुसरा ईआरसीपी. दोन्हींच्या शेवटचे ‘सीपी’ म्हणजे आपला हा दहा-अक्षरी शब्दच. फरक आहे तो आरंभी, आणि तो दूरध्वनीवर अजिबात ऐकू येत नाही. परंतु एकात माणूस यंत्राखाली पडून राहतो आणि अर्ध्या-पाऊण तासात उठून घरी जातो; दुसऱ्यात तोंडातून दुर्बीण आत घातली जाते आणि तेथे उपचारही केले जातात. येथे आणखी एक अडचण आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. एम.आर.सी.पी. ही इंग्लंडमधील एक मानाची वैद्यकीय पदवीही आहे. जुन्या डॉक्टरांच्या पाट्यांवर ती कंसातील ‘लंडन’सह झळकत असे. “वडिलांची एमआरसीपी करायची आहे” असे सांगितल्यावर एका निवृत्त शिक्षकांनी आम्हांला गंभीरपणे विचारले, “या वयात?”

एमआरसीपीमधील ‘एमआर’ म्हणजे मॅग्नेटिक रेझोनन्स, चुंबकीय अनुनाद. शरीरातील पाण्यात हायड्रोजनचे अणू असतात. तीव्र चुंबकीय क्षेत्रात त्यांना रेडिओलहरींनी क्षणभर चाळवले, की ते पूर्वस्थितीत येताना संदेश देतात व त्यावरून संगणक चित्र तयार करतो. यात क्ष-किरण नाहीत. एमआरसीपीचे वैशिष्ट्य असे, की येथे यंत्राची मांडणी मुद्दाम अशी केली जाते, की संथ असलेला द्रव तेजस्वी दिसावा आणि यकृतासारखे घन भाग काळवंडून जावेत. त्यामुळे पित्ताने भरलेल्या नलिका काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या फांद्यांसारख्या उठून दिसतात, आणि त्यात एखादा काळा ठिपका असेल तर तो बहुधा खडा असतो. सुईने औषध टोचण्याचीही सहसा गरज पडत नाही. पित्त हेच येथे शाईचे काम करते. ही पद्धत १९९१ साली जर्मनीतील डॉक्टरांनी प्रथम प्रसिद्ध केली.

हे तत्त्व समजले, की सूचनाही समजतात. तपासणीपूर्वी चार ते सहा तास काही खाऊ नये, असे सांगितले जाते. ते भूल देण्यासाठी नसते. जठरातील व आतड्यातील पाणीही पांढरे दिसते आणि ते नलिकांवर आच्छादन घालते, हे एक कारण. शिवाय उपाशी राहिल्याने पित्ताशय भरलेले राहते व नीट दिसते. काही ठिकाणी तपासणीपूर्वी अननसाचा रस पिण्यास देतात. यात कोणताही घरगुती उपाय नाही. अननसात मँगेनीज असते आणि त्याच्यामुळे जठरातील द्रव चित्रात काळा पडतो, म्हणजे मागील नलिका मोकळ्या दिसतात. मात्र हा रस डॉक्टरांनी सांगितला तरच घ्यावा. उपाशी राहण्यास सांगितलेल्या रुग्णाला कोणी परस्पर पाजू नये. “श्वास रोखा” असे सांगितल्यावर पंधरा-वीस सेकंद श्वास रोखावा लागतो, कारण श्वासाबरोबर यकृत वरखाली सरकते आणि चित्र फिसकटते. यंत्राचा आवाज मोठा असतो. कानात बोळे दिले जातात. हृदयातील पेसमेकर, मेंदूतील क्लिप, कानातील रोपण, किंवा लेथवर अथवा वेल्डिंगचे काम करताना डोळ्यात कधी धातूचा कण गेला असेल, तर ते आधी सांगणे अत्यंत महत्त्वाचे आहे. मंगळसूत्र काढावे लागते, याचे कित्येक भगिनींना वाईट वाटते. पण ते चुंबकाच्या खोलीत नेता येत नाही. ते सांभाळण्यासाठी दाराशी आमच्या मावशी असतात, आणि बहुतेकजणी ते त्यांच्याकडे न देता सासूबाईंच्या हातात देतात, तेही योग्यच आहे.

ईआरसीपीमधील ‘ई’ म्हणजे एंडोस्कोपिक, आत दुर्बीण घालून पाहणे. ‘आर’ म्हणजे रेट्रोग्रेड. पंचांग पाहणाऱ्या वाचकांना हा शब्द सोपा जावा. ग्रह वक्री झाला म्हणतात, तेथे इंग्रजीत हाच शब्द वापरतात. उलट पावली जाणारा, असा त्याचा अर्थ. पित्त वरून खाली वाहते. या तपासणीत मात्र आतड्यातील त्या तोंडातून एक बारीक नळी घालून क्ष-किरणांत दिसणारे औषध खालून वर, म्हणजे प्रवाहाच्या उलट दिशेने सोडले जाते. अमेरिकेत १९६८ साली ही तपासणी प्रथम केल्याची नोंद आहे. १९७४ साली जर्मनी व जपान येथील डॉक्टरांनी याच मार्गाने नलिकेच्या तोंडाला छेद देऊन खडे काढून दाखविले आणि ती केवळ तपासणी न राहता उपचार झाली. आज शुद्ध निदानाचे काम बहुतांशी एमआरसीपी करते, आणि खडा काढायचा असेल, अडथळ्यातून वाट करून द्यायची असेल, तर ईआरसीपी केली जाते. म्हणजे नावाचा शेवट ‘ग्राफी’ असला, तरी येथे चित्र काढणे हे निमित्तमात्र उरले आहे. नाव जुने राहिले आणि काम पुढे गेले. नातेवाइकांनी या ‘ग्राफी’वर विसंबून “फोटोच तर काढायचा आहे” असे समजू नये, एवढ्यासाठी हे लिहिले.

कारण ईआरसीपीला धोके आहेत व ते संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी कळावयास हवेत. शंभरात साधारण तीन ते दहा रुग्णांना त्यानंतर स्वादुपिंडदाह होतो. बहुतेकांत तो सौम्य असतो, काहींत नसतो. छेद दिल्याने रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असल्यास त्याची माहिती आधी द्यावी. मात्र त्या स्वतःहून बंद करू नयेत. हे धोके पत्करूनही ती केली जाते, कारण अडकलेला खडा तसाच ठेवणे हे त्याहून धोक्याचे असते. आरंभी सांगितलेल्या गृहस्थांचा खडा याच मार्गाने निघाला.

आणि येथेच ‘अँजिओ’ची सावली दुसऱ्यांदा पडते. खडे मोठे असल्यास किंवा नलिका अरुंद झाली असल्यास पित्ताला वाट राहावी म्हणून आत एक लहान नळी ठेवतात, तिला स्टेंट म्हणतात. स्टेंट हा शब्दही आपल्या घरोघरी हृदयामुळेच पोहोचला आहे. हृदयातील स्टेंट एकदा बसविला की तो तेथेच राहतो, तो कोणी काढत नाही. पित्तनलिकेतील प्लॅस्टिकचा स्टेंट मात्र तात्पुरता असतो. काही महिन्यांत तो पित्ताच्या गाळाने तुंबतो, म्हणून साधारणपणे तीन महिन्यांच्या आत तो काढावा किंवा बदलावा लागतो. दुसऱ्या गावी कोठेतरी असा स्टेंट बसविलेल्या एक आजी दोन वर्षांनी आमच्याकडे थंडीताप घेऊन आल्या. डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत सर्व काही व्यवस्थित लिहिलेले होते. त्यांच्या सुनेने आम्हांला सांगितले, “स्टेंट बसवलाय, आता आयुष्यभर काळजी नाही, असं समजून आम्ही निश्चिंत होतो.” त्या स्टेंटभोवती खडे जमून तो नलिकेत रुतला होता. तो काढण्यासाठी दोनदा प्रयत्न करावे लागले. सूनबाई बारावीपर्यंत शिकलेल्या होत्या आणि त्यांनी ते कार्ड जपून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवले होते, हे येथे मुद्दाम नमूद करतो. यात निष्काळजीपणा नव्हता.

उच्चाराविषयी एक गोष्ट राहिली. मराठीत आपण शब्दातील सर्व अक्षरांना बहुधा सारखाच भार देतो. इंग्रजीत तसे नाही. एखाद्या अक्षरावर आघात होतो व शेजारची अक्षरे दबून जातात. ‘फोटोग्राफ’ म्हणताना इंग्रज ‘फो’वर जोर देतो, पण ‘फोटोग्राफी’ म्हणताना तो जोर ‘टो’वर सरकतो आणि ‘ग्रा’ जवळजवळ नाहीसा होतो. ग्राफीने संपणाऱ्या सर्व शब्दांत आघात शेवटून तिसऱ्या अक्षरावर येतो. त्यामुळे आमचे तरुण डॉक्टर इंग्रजी वळणाने बोलले, की नातेवाइकांच्या कानावर मध्येच एक ठळक ‘टॉ’ येतो आणि भोवतीचे सारे धूसर होते. आमच्या मते रुग्णालयात हा शब्द मराठी पद्धतीनेच, प्रत्येक अक्षर पूर्ण उच्चारून म्हणावा. सोनोग्राफी आपण ‘ग्रा’ दीर्घ ठेवूनच म्हणतो व कोणाचे काही अडत नाही. उलट तसे म्हटल्यानेच तो शब्द खेड्यापाड्यांत पोहोचला.

ज्यांना शब्द तोंडी बसवायचा आहे त्यांच्यासाठी एक युक्ती आमच्या सिस्टर वापरतात. तो समोरून पाठ करू नये, शेवटाकडून मागे यावे. प्रथम ग्राफी. मग टोग्राफी. मग क्रिएटोग्राफी, पँक्रिएटोग्राफी. येथे थोडे थांबावे, कारण हा स्वतंत्र अर्थाचा अर्धा भाग झाला. मग कोलँजिओ वेगळे म्हणावे आणि शेवटी दोन्ही जोडावेत. पुढून पाठ केले तर आपण माहितीच्या भागातून अनोळखी भागाकडे जातो व तेथे अडखळतो. मागून आल्यास दर वेळी शेवट ओळखीचा असतो. पाच-सहा वेळा म्हटले की शब्द वळतो. तो वळला नाही तरी हरकत नाही. रुग्णाला तो म्हणता आला पाहिजे असा आमचा आग्रह नाही. आमच्या कर्मचाऱ्यांना मात्र तो तोडून सांगता आला पाहिजे, असा आहे.

त्यासाठी केलेली व्यवस्था साधी आहे. प्रतिमानिदान विभागाबाहेर एक फलक लावला आहे, त्यावर हा शब्द चार रंगांत चार तुकडे करून देवनागरीत लिहिला आहे आणि प्रत्येक तुकड्याखाली त्याचा अर्थ आहे. त्याखाली ठळक अक्षरांत एक ओळ आहे : ‘ही हृदयाची तपासणी नाही.’ चिठ्ठीवर नुसते एमआरसीपी वा ईआरसीपी लिहिण्यास मनाई केली असून त्यापुढे ‘केवळ चित्रण’ किंवा ‘दुर्बिणीने उपचार’ यांपैकी एक शिक्का मारला जातो. दूरध्वनीवर वेळ देताना आद्याक्षरे न वापरता हेच शब्द वापरले जातात. आणि पित्तनलिकेत स्टेंट ठेवलेल्या प्रत्येक रुग्णास घरी जाताना एक पिवळे कार्ड दिले जाते. कार्डे व फलक यांचा छपाईचा खर्च एका देणगीदार कुटुंबाने उचलला. त्यांनी नाव प्रसिद्ध न करण्याची विनंती केली आहे, ती आम्ही पाळत आहोत.

पिवळ्या कार्डावर मजकूर थोडाच आहे : स्टेंट पित्ताच्या नळीत आहे, हृदयात नाही, तो अमुक तारखेच्या आत काढावयाचा आहे, त्यापूर्वी ताप, हुडहुडी, कावीळ किंवा पोटात तीव्र दुखणे सुरू झाल्यास तारखेची वाट न पाहता यावे. तारीख हाताने, मराठी आकड्यांत, मोठी लिहिली जाते. कार्ड दोन प्रतींत असते. एक रुग्णाजवळ राहते, दुसरी आमच्या समाजसेवा विभागात तारखेच्या क्रमाने लावून ठेवली जाते, आणि तारीख टळून आठवडा झाला तरी रुग्ण आला नाही, तर तेथून घरी दूरध्वनी जातो. दूरध्वनी क्रमांक बदलल्यास नातेवाइकांनी तो या विभागास अवश्य कळवावा.